एक अक्षर बदललं, एक अक्षर वाढलं: दोन रिपोर्ट एकत्र कसे वाचायचे

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

लग्नाला आठ महिने झालेत. पत्नी सिकलसेलची वाहक आहे, हे तिला शाळेतल्या तपासणीपासून माहीत होतं. म्हणून मुलाचा विचार करण्याआधी तुम्ही स्वतःचं रक्त तपासून घेतलंत आणि तुम्ही बीटा थॅलेसेमियाचे वाहक निघालात. मग दोघांचीही डीएनए तपासणी झाली. पत्नीच्या रिपोर्टात 'एचबीबी, सी.२०ए>टी' असं लिहिलंय, तुमच्या रिपोर्टात 'एचबीबी, सी.२७डुपजी', आणि दोघांच्याही रिपोर्टात खाली 'सी.९टी>सी, निरुपद्रवी' अशी एक ओळ आहे. तुम्ही विचारता: बारावीला शिकलो की एकाच अमिनो आम्लासाठी अनेक कोडॉन (डीएनएच्या तीन-तीन अक्षरांचे गट) असतात, त्यामुळे एखादं अक्षर बदललं तरी बरेचदा काही बिघडत नाही. मग एका अक्षरावरून डॉक्टर एवढे गंभीर का झाले? आणि आम्हा दोघांत कोणाचं म्युटेशन मोठं?

बारावीचं तुमचं शिक्षण बरोबर आहे. अडचण 'मोठं' या शब्दात आहे. तुमच्या दोन रिपोर्टांत मिळून तीन प्रकारचे बदल आहेत आणि तिन्ही एकेका अक्षराचेच आहेत. त्यातल्या एकाने काहीच होत नाही, दुसऱ्याने प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं, तिसऱ्याने ते प्रथिन तयारच होत नाही. म्हणजे किती अक्षरं बदलली यावरून काही ठरत नाही. ते अक्षर वाचनाच्या कुठल्या जागी आहे आणि त्याच्यापुढचं कसं वाचलं जातं, यावर सगळं ठरतं. तुमच्या होणाऱ्या बाळाच्या दृष्टीने तर कोणाचं मोठं हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही एकाच बाळात आले तर काय, हा खरा प्रश्न आहे. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊ.

मी विदर्भात रेण्वीय निदानाची प्रयोगशाळा चालवतो आणि गेली वीसेक वर्षं हेच एक जनुक रोज बघतोय. एचबीबी हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं आणि त्यावरून हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनते. साखळी १४६ अमिनो आम्लांची, म्हणजे तशी छोटीच. त्यामुळे तिची सुरुवातीची अक्षरं मला पाठ झाली आहेत. तुमचे तिन्ही बदल याच सुरुवातीच्या भागात आहेत, म्हणून ती इथे लिहितो:

एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी टीसीटी...

पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. तो या अक्षरांची आरएनए-प्रत तीन-तीनच्या गटात वाचतो (आरएनएत 'टी'च्या जागी 'यू' असतो, एवढाच फरक). प्रत्येक गटाला जुळणारा टीआरएनए आपलं अमिनो आम्ल घेऊन येतो, ते साखळीला जोडलं जातं आणि रायबोसोम तीन अक्षरं पुढे सरकतो. दहावीच्या विज्ञानात याला भाषांतरण आणि स्थानांतरण म्हटलंय. एक गोष्ट मात्र वर्गात घाईत निसटते: दोन गटांच्या मध्ये जागा नसते, स्वल्पविरामही नसतो. एटीजीपासून मोजायला सुरुवात केली की तीन, तीन, तीन असंच चालू राहतं. गट चुकतोय की बरोबर आहे, हे ओळखायला रायबोसोमकडे काहीच साधन नाही.

माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी हे एका वाक्यावरून समजावतो. तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचं वाक्य घ्या: 'कमल गवत उपट सगळं उचल'. आता 'कमल'चं 'कमळ' केलं तर अक्षर बदललं, अर्थ तोच राहिला. 'उपट'चं 'उलट' केलं तर वाक्य शेवटपर्यंत नीट वाचता येतं, पण काम वेगळंच सांगितलं जातं. आणि 'कमल'नंतर एक जास्तीचं 'स' घुसलं, तर तीन-तीनचा नेम न सोडता वाचून बघा: 'कमल सगव तउप टसग ळंउ चल'. अक्षर एकच वाढलं, पण पुढचा एकही शब्द शाबूत राहिला नाही. याउलट 'गवत' ही तीनही अक्षरं एकदम गेली, तर 'कमल उपट सगळं उचल' उरतं. काय उपटायचं ते कळत नाही, पण बाकीचे शब्द जागेवर आहेत. तीन अक्षरं जाण्यापेक्षा एक अक्षर वाढणं जास्त नुकसान करू शकतं ते यामुळे. क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये जिवाणूंवर वाढणाऱ्या टी-४ विषाणूत हेच दाखवलं. एक किंवा दोन अक्षरं वाढली की जनुक निकामी व्हायचं, तिसरं वाढलं की काम बऱ्याच अंशी परत सुरू व्हायचं. संकेत तीन अक्षरांचा आहे याचा तो पुरावा.

आता तुमच्या रिपोर्टांकडे वळू. सोप्यापासून सुरू करतो.

सी.९टी>सी म्हणजे नववं अक्षर. वरच्या ओळीत मोजा, तिसऱ्या गटातलं शेवटचं अक्षर येईल. सीएटीचं सीएसी झालं. दोन्हींचा अर्थ हिस्टिडिनच. हा तुमचा बारावीचा धडा, 'कमल'चं 'कमळ'. हा फरक इतक्या लोकांत सापडतो की त्याला आजाराशी जोडायचं काही कारणच नाही. ती ओळ विसरून जा.

पत्नीचं सी.२०ए>टी म्हणजे सातव्या गटातलं मधलं अक्षर. जीएजीचं जीटीजी झालं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं. इथे एक खुलासा हवा, कारण यावरून माझ्याकडे लोक घाबरून येतात. जुन्या कागदांवर 'सहाव्या जागी बदल' असतं, नव्या रिपोर्टात 'सातव्या जागी'. आजार वाढलेला नसतो, मोजण्याची पद्धत बदललेली असते. साखळीच्या सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापून टाकलं जातं. जुने लोक ते मोजत नसत, आता मोजतात.

ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, त्याला पाणी मानवतं. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू बघतं. ही जागा हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर आहे. रेणूतला ऑक्सिजन सुटला की शेजारच्या रेणूवर एक छोटी खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिथे जाऊन बसतं. मग रेणूला रेणू चिकटत लांब दोरे तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. साखळी मात्र पूर्ण लांबीची बनते आणि ऑक्सिजनही वाहते. हे सगळं एका अमिनो आम्लामुळे होतं, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं. तेव्हा संकेताचा तक्ता अस्तित्वातही नव्हता. जीयूजी म्हणजे व्हॅलिन हे पुढच्या दशकात कळलं, आणि त्यात हरगोविंद खुराणांचा मोठा वाटा आहे. त्यांनी यूजीयूजीयूजी अशी एकाआड एक अक्षरांची आरएनए वापरली आणि त्यातून व्हॅलिन, सिस्टिन, व्हॅलिन, सिस्टिन अशी साखळी मिळाली. खुराणा, निरेनबर्ग आणि हॉली यांना १९६८ चं नोबेल मिळालं. पत्नीच्या रिपोर्टातली ती ओळ वाचता येण्यामागे एवढं काम आहे, आणि मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमचं सी.२७डुपजी. जुन्या कागदांवर हेच 'कोडॉन ८/९, अधिक जी' म्हणून येतं. भारतात थॅलेसेमियाची जी पाच-सहा म्युटेशन्स नेहमी सापडतात, त्यातलं हे एक. सत्ताविसावं अक्षर जी आहे, ते दोनदा आलं. एएजीपर्यंत सगळं ठीक. त्यापुढे टीसीटी जीसीसी जीटीटी असं यायला हवं, तिथे जीटीसी टीजीसी सीजीटी टीएसी असं वाचलं जातं. सेरिन, अ‍ॅलानिन, व्हॅलिनऐवजी व्हॅलिन, सिस्टिन, आर्जिनिन, टायरोसिन. अशी तेरा चुकीची अमिनो आम्लं जोडली गेली की जुन्या मोजणीने बाविसाव्या जागी टीजीए येतं, म्हणजे थांबा. मूळ ओळीत तिथे 'जीएटी जीएए' असे दोन गट शेजारी शेजारी आहेत. एक अक्षर सरकल्यामुळे त्यांच्यामधून हा टीजीए डोकावतो. १४६ च्या साखळीचं काम एकविसाव्यावर संपलं.

हे माझ्या पडद्यावर कसं दिसतं ते सांगतो. अक्षरवाचनाच्या आलेखात प्रत्येक अक्षराचा एक रंगीत डोंगर असतो: ए हिरवा, टी लाल, सी निळा, जी काळा. ती निरुपद्रवी नववी जागा बाजूला ठेवू. पत्नीच्या आलेखात सगळे डोंगर एकेकटे, फक्त विसाव्या जागी हिरवा आणि लाल एकावर एक. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून, त्यात एक बदललेली. पुढे परत सगळं स्वच्छ. तुमच्या आलेखात एएजीपर्यंत स्वच्छ आणि मग अचानक गर्दी. टीवर जी, सीवर टी, टीवर सी, जीवर टी, सीवर जी. सहाव्या जागी योगायोगाने दोन्हीकडे सी आहे म्हणून तिथे एकच डोंगर, आणि पुन्हा गर्दी. तुमची चांगली प्रत आणि एका अक्षराने सरकलेली प्रत एकमेकींवर छापल्यासारख्या दिसतात. नवीन मुलं प्रयोगशाळेत येतात तेव्हा त्यांना वाटतं नमुना खराब आहे. मी त्यांना सरकलेली ओळ हाताने कागदावर लिहायला लावतो. ती लिहिली की वाचनचौकट सरकणं म्हणजे काय, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

मग तुमच्या शरीरात ते एकवीस अमिनो आम्लांचे तुकडे साचतात का? नाही. पेशीकडे एक तपासणी यंत्रणा आहे. 'थांबा' वेळेआधी आलेली आरएनए-प्रत ती ओळखते आणि मोडून टाकते. त्यामुळे तुमच्या त्या प्रतीपासून बीटा साखळी जवळजवळ मिळतच नाही. दुसरी प्रत चांगली आहे, ती काम सांभाळते. लाल पेशी जरा लहान, हिमोग्लोबिन थोडं कमी, एचबी-ए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार वाढलेला. एवढंच.

'थांबा' कुठे आला यावर परिणाम फिरतो, हे एकाच जागेवरून दाखवतो. जुन्या मोजणीने १२१ वा गट जीएए आहे. त्यातल्या पहिल्या जीचा सी झाला तर डी-पंजाब हिमोग्लोबिन बनतं. त्याच्या वाहकाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. जीचा ए झाला तर ओ-अरब. दोन्ही एकटे असताना शांत, पण सिकलबरोबर आले की गंभीर आजार करतात. आणि जीचा टी झाला तर टीएए, म्हणजे थांबा. हा 'थांबा' जनुकाच्या शेवटच्या भागात असल्याने ती तपासणी यंत्रणा त्याला पकडत नाही. अर्धवट साखळी खरोखर तयार होते आणि पेशीत त्रास देते. तिथे एकच बिघडलेली प्रत आजार करायला पुरते. तुमची साखळी एकविसाव्याला तुटते, ही १२० व्याला, आणि तरी एकट्या प्रतीचा विचार केला तर तुमची सौम्य ठरते. यात आकारावरून काय अंदाज बांधणार?

बारावीच्या नियमालाही अपवाद आहेत. याच जनुकात जुन्या मोजणीच्या २४ व्या गटात जीजीटीचं जीजीए झालं तर अर्थ बदलत नाही, दोन्ही ग्लायसिनच. तरी त्याने थॅलेसेमिया होतो, कारण ते अक्षर आरएनए कापण्याजोडण्याच्या जागेची नक्कल करतं आणि प्रत चुकीच्या ठिकाणी कापली जाते. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाचं जे म्युटेशन सगळ्यांत जास्त आढळतं, ते तर कुठल्याच कोडॉनमध्ये नाही. ते पहिल्या इन्ट्रॉनच्या (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागाच्या) पाचव्या अक्षरात आहे, जीच्या जागी सी. कोडॉनचा तक्ता घेऊन बसलात तर ते सापडणारच नाही. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत जास्त आढळणारा बदल म्हणजे ६१९ अक्षरांचा तुकडाच गायब असणं. परिणामाने तोही बीटा साखळी शून्यच करतो, तुमच्या एका जीसारखा.

आता दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवू. तुम्ही दोघे आजारी नाही, वाहक आहात. दोघांच्याही एका प्रतीत बदल आहे आणि तो एकाच जनुकात आहे. प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही चांगल्या प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के, फक्त सिकलची २५, फक्त थॅलेसेमियाची २५, आणि दोन्ही बदललेल्या प्रती मिळण्याची २५. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी आकडा बदलत नाही.

दोन्ही प्रती मिळालेल्या बाळात आईकडून आलेली प्रत सिकलची साखळी बनवते आणि तुमच्याकडून आलेली काहीच बनवत नाही. म्हणजे चांगली बीटा साखळी अजिबात नाही. याला सिकल-बीटा-शून्य थॅलेसेमिया म्हणतात आणि तो साधारण एसएस (दोन्ही प्रती सिकलच्या असलेल्या) रुग्णाइतकाच त्रासदायक असतो. डॉक्टर गंभीर झाले ते याच्यासाठी. जन्मल्या जन्मल्या काही दिसत नाही, कारण तेव्हा गर्भाचं हिमोग्लोबिन पुरेसं असतं. ते ओसरायला लागलं की काही महिन्यांनी हातापायांना सूज, दुखणं, रक्त कमी होणं सुरू होतं.

त्रास किती होईल, हे मात्र मी अक्षरांवरून ठामपणे सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गर्भाचं हिमोग्लोबिन किती टिकून राहतं, सोबत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीची कमतरता) आहे का, लसीकरण वेळेवर होतं का, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित मिळतं का, दवाखाना किती दूर आहे, या सगळ्यावर ते अवलंबून असतं. आपल्याकडच्या सिकल रुग्णांत गर्भाचं हिमोग्लोबिन बरेचदा जास्त असतं, तरी एकाच घरातल्या दोन भावंडांत जमीनअस्मानाचा फरक मी पाहिलाय.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली झाली. तुम्ही एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, करून घेतलीत. सिकलची जी झटपट सोल्युबिलिटी चाचणी होते, तिच्यात फक्त सिकल हिमोग्लोबिन कळतं. तुम्ही तेवढीच केली असती तर ती निगेटिव्ह आली असती आणि घरी सगळे निश्चिंत झाले असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शेजारच्या जिल्ह्यातलं एक जोडपं आलं होतं. आईला सिकलचं माहीत होतं, नवऱ्याची 'सिकल टेस्ट' निगेटिव्ह होती, आणि मांडीवर दीड वर्षाची मुलगी, बोटं सुजलेली. 'दोघांपैकी एकालाच आहे, मग हिला कसं?' असं आई सारखं विचारत होती. वडिलांचं एचबी-ए२ कोणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून कोणी मला 'जोडीदाराची सिकल निगेटिव्ह आहे' म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठली चाचणी?

पुढे काय करायचं ते थोडक्यात. गर्भधारणेआधीच दोन्ही मूळ रिपोर्ट घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेटा. तुमची दोन्ही म्युटेशन्स आधीच ठाऊक आहेत, त्यामुळे गर्भाची तपासणी नेमकी आणि लवकर होऊ शकते. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा छोटा नमुना घेऊन या दोनच जागा बघायच्या असतात. उशीर झाला तर १६ आठवड्यांनंतर गर्भजलावर हीच तपासणी होते. म्हणून पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना कळवा, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी नको. निकालानंतर काय करायचं हा निर्णय सर्वस्वी तुमचा दोघांचा. मी किंवा घरातल्या मोठ्यांनी तो ढकलायचा नसतो. भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधीच तपासण्याचा मार्गही आहे. तो महाग आहे आणि प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही, पण माहीत असू द्या.

तुम्ही लिहिलंय की सासरी आणि घरी 'दोष कोणाचा' यावर बोलणं चालू आहे. माझ्याकडून त्यांना हे सांगा: ती बदललेली प्रत दोघांकडेही आपापल्या आईवडिलांपैकी कोणाकडून तरी आली आहे. दोघांनी काही केल्याने आलेली नाही आणि काही केलं असतं तर टळलीही नसती.

आणि तुमच्या स्वतःसाठी. 'रक्त कमी आहे' म्हणून कोणी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तर आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासा. थॅलेसेमिया वाहकाच्या लाल पेशी लहान असतात त्या लोह कमी असल्यामुळे नव्हे, आणि अशा लोकांना वर्षानुवर्षं लोह खाताना मी पाहतो. तुमच्या धाकट्या भावाचं लग्न ठरतंय असंही तुम्ही लिहिलंय. हेच म्युटेशन त्याच्याकडे असण्याची शक्यता निम्मी आहे. त्याची आणि त्याच्या होणाऱ्या पत्नीची एचपीएलसी या महिन्यातच करून घ्या, साखरपुड्याच्या गडबडीत राहून जाईल.